आजोबांचा जन्म गोव्यातला: बडोद्यात राहून पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा कसा करावा

बडोद्यात गोव्याशी नाते सांगणारी मराठी घरे पुष्कळ आहेत. कोणाचे पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत आले, कोणी गाण्याबजावण्याच्या निमित्ताने आले, तर कोणी आमच्या आजोबांप्रमाणे आठव्या वर्षी मामाचे बोट धरून शिकायला आले. या घरांतून आजकाल एक प्रश्न हमखास ऐकू येतो: आजोबा पोर्तुगीज अमलात जन्मले होते, तर आपल्याला पोर्तुगालचे नागरिकत्व मिळेल का? पुष्कळांना ते मिळते. मात्र कायद्याचे कलम तोंडपाठ असून काम होत नाही. शंभर वर्षांत तीन लिप्यांत लिहिली गेलेली नावे एकाच माणसाची आहेत हे लिस्बनमधल्या, आपल्याला कधीही न भेटलेल्या अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते, आणि खरी मेहनत तिथेच आहे. आमच्या घरात आजोबा, वडील, आत्या आणि आत्येभाऊ अशा चौघांची कागदपत्रे मी जुळवली. त्या अनुभवावरून कामाचा क्रम पुढे मांडतो.

आधी पिढी मोजावी

गोवा, दमण किंवा दीव येथे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत जन्मलेली व्यक्ती पोर्तुगालच्या दृष्टीने पोर्तुगीज भूमीवर जन्मलेली आहे. या प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ रोजी झालेल्या कराराने, आणि हा करार १९७५ मध्ये अमलात आला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात पोर्तुगालने काढलेल्या हुकूमनाम्यात, पूर्वीच्या पोर्तुगीज भारतात जन्मलेल्यांनी तशी इच्छा जाहीर केल्यास त्यांना आपले नागरिकत्व राखता येईल, अशी तरतूद आहे. पुढे १९८१ च्या ३७ क्रमांकाच्या नागरिकत्व कायद्याने परदेशात जन्मलेल्या मुलांचा मार्ग ठरवला: आई किंवा वडील पोर्तुगीज असतील आणि मुलाचा जन्म पोर्तुगीज दफ्तरात नोंदवला गेला, तर ते मूल जन्मापासूनच पोर्तुगीज मानले जाते. या कायद्यात २००६, २०१५, २०१८ आणि २०२० मध्ये महत्त्वाचे बदल झाले आहेत. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी लागू असलेला मजकूरच वाचावा आणि शेजाऱ्याच्या मुलाने दहा वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नये.

आता घरातली प्रत्यक्ष गोव्यात जन्मलेली शेवटची व्यक्ती कोण, ते शोधावे. हा प्रश्न सोपा वाटतो, पण बडोद्यात निम्मे लोक इथेच अडकतात. कुलदैवत मंगेशी किंवा शांतादुर्गा आहे, एवढ्यावर नागरिकत्व मिळत नाही. सोळाव्या शतकात बाटवाबाटवीच्या धामधुमीत देव घेऊन बाहेर पडलेल्या घराण्यांच्या वंशजांना या कायद्याचा काही उपयोग नाही. (खुद्द फोंड्याचा मुलूखसुद्धा १७६३ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता.) पणजोबा गोव्यात जन्मले, पण आजोबा आणि वडील दोघेही बडोद्यात जन्मले असतील, तर साखळी लांब होते आणि मधल्या प्रत्येक पिढीची नोंद आधी व्हावी लागते. आजोबा गोव्यात आणि वडील बडोद्यात, ही सर्वांत सरळ स्थिती होय.

साखळी वरून खाली चालते: आजोबांचा जन्म, आजोबांचे लग्न, वडिलांचा जन्म, वडिलांचे लग्न आणि शेवटी आपला जन्म. आजोबा हयात असतील तर पहिला अर्ज त्यांच्या सहीचा असावा, आणि त्यात एक दिवसही दवडू नये. आमच्या आजोबांनी २०११ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, थरथरत्या हाताने सही केली, म्हणूनच पुढचे सगळे शक्य झाले. आजोबा गेले असतील पण हयातीत त्यांची नोंद झाली असेल, तर वाट मोकळी आहे. नोंद न होताच गेले असतील, तर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी पोर्तुगालमध्ये वकिली करणाऱ्या माणसाला हाच पहिला प्रश्न विचारावा.

मधली पिढी नोंदवता येत नसेल तर नातवाला थेट अर्ज करण्याचा वेगळा मार्ग कायद्यात आहे. त्यात पोर्तुगीज भाषेचे पुरेसे ज्ञान दाखवावे लागते आणि तीन वर्षे किंवा त्याहून अधिक कैदेची शिक्षा झालेली नसावी लागते. भाषेसाठी लिस्बन विद्यापीठाच्या केंद्राची 'सीपले' ही ए-२ पातळीची परीक्षा सर्वमान्य आहे. मुलगा म्हणून नोंद होणाऱ्याला भाषेची अट नाही. वडिलांची नोंद आधी करून घेण्याचा आग्रह मी धरतो तो याच कारणाने.

दुसरे काम कागदाचे नाही, निर्णयाचे आहे

बहुतेक एजंट हा भाग शेवटी सांगतात, किंवा सांगतच नाहीत. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार जो भारतीय स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो, त्याचे भारतीय नागरिकत्व संपते, आणि नागरिकत्व नियम, २००९ नुसार परदेशी पासपोर्ट मिळवणे हा त्या स्वेच्छेचा निर्णायक पुरावा मानला जातो. पोर्तुगालला तुमच्या भारतीय असण्याची हरकत नसते, पण भारताला तुमच्या पोर्तुगीज असण्याची असते.

'नुसता जन्म लिस्बनला नोंदवला, पासपोर्ट काढला नाही, म्हणजे काही बिघडत नाही' असे वाक्य गोव्यात चहाच्या टेबलावर सर्रास ऐकू येते. पोर्तुगीज कायद्याच्या दृष्टीने नोंद झाली की माणूस जन्मापासून पोर्तुगीज ठरतो. भारतीय बाजूने अशा माणसाने मतदान करत राहावे का, निवडणूक लढवावी का, यावर गोव्यात मोठे वाद झाले आहेत. ज्याला सरकारी नोकरी करायची आहे, राजकारणात उतरायचे आहे किंवा शेतजमीन विकत घ्यायची आहे, त्याने नोंदणीच्या आधी भारतीय वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा. वृद्ध आई-वडिलांची सही घेतानाही त्यांना हे समजावून सांगावे, कारण नागरिकत्वाचा प्रश्न त्यांचाही आहे. नातवाच्या सोयीसाठी आजोबांचे पेन्शन आणि मतदान ओळखपत्र अडचणीत आणणे योग्य नव्हे.

दुसरा भ्रम इंग्लंडचा आहे. एके काळी पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन लोक स्विंडनला जात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तेथे आधीपासून राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना राहू देणाऱ्या वसाहत योजनेची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ रोजी संपली. आज या नागरिकत्वाने पोर्तुगालमध्ये आणि युरोपीय संघाच्या इतर देशांत राहण्याचा हक्क मिळतो, ब्रिटनमध्ये नाही.

गोव्यातला कागद: तेओर

निर्णय झाल्यावर गोव्याला जावे. बडोद्याहून मडगावला थेट गाड्या आहेत, पण जाण्यापूर्वी तीन गोष्टी हाती असाव्यात: जन्मगाव, जन्माचे अंदाजे वर्ष आणि पणजोबांचे संपूर्ण नाव. जुन्या जन्मनोंदी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार कार्यालयात असतात, म्हणजे फोंडा तालुक्यातील गावांच्या फोंड्याला, बार्देशातल्या म्हापशाला, सासष्टीतल्या मडगावला. फार जुनी दफ्तरे पणजीच्या अभिलेखागारात मिळू शकतात.

मागायचा कागद आजच्या पद्धतीचा एक पानी जन्मदाखला नव्हे. मूळ नोंदीची शब्दशः संपूर्ण नक्कल हवी, जिला गोव्यात सगळे 'तेओर' म्हणतात. आमच्या आजोबांच्या नोंदीचे पुस्तक कारकुनाने टेबलावर उघडले तेव्हा पान चहाच्या रंगाचे झाले होते, पण शाई ठळक होती. तास, दिवस, महिना आणि वर्ष हे सारे अंकांत नसून अक्षरांत लिहिलेले, एका दमात वाचावी लागेल अशी वाक्ये, त्यात आई-वडिलांची नावे आणि मागोमाग दोन्ही बाजूंच्या आजी-आजोबांची नावे. घरी कोणालाच ठाऊक नसलेले आजोबांच्या आजीचे नाव आम्हाला तिथे मिळाले. पानाच्या कडेला मोकळी पट्टी असते. लग्न, मृत्यू किंवा नावातील दुरुस्तीच्या नोंदी तिथे केल्या जातात, म्हणून ती पट्टी नकलेत आली आहे की नाही हे तिथल्या तिथे पाहून घ्यावे. तीन प्रमाणित प्रती घ्याव्यात, कारण दुसरी फेरी नकलेपेक्षा महाग पडते.

बडोद्यातले कागद

महापालिकेच्या जुन्या जन्मनोंदवहीत वडिलांची नोंद सापडली की आनंद होतो, आणि पुढच्याच क्षणी लक्षात येते की नावाच्या रकान्यात नुसते 'पुत्र' लिहिले आहे. जन्म दवाखान्याने आठवड्याच्या आत कळवलेला असतो आणि आपल्याकडे नाव बाराव्या दिवशी ठेवतात. नंतर नाव दाखल करायला कोणी गेलेले नसते. अशा नोंदीत आधी नाव दाखल करून घ्यावे, त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र लागते. जन्माची नोंदच नसेल, तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार एक वर्षानंतरच्या विलंबित नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश घ्यावा लागतो. हा मार्ग शक्यतो टाळावा असे मी म्हणेन. पोर्तुगीज कायद्यात नागरिकत्वासाठी साधारणपणे तेच नाते धरले जाते जे मूल सज्ञान होण्यापूर्वी प्रस्थापित झालेले असते. साठाव्या वर्षी नोंदवलेल्या जन्माकडे तिथला अधिकारी संशयाने पाहतो. तसे करावेच लागले, तर लहानपणचे समकालीन पुरावे भरपूर जोडावेत.

या बाबतीत बडोदेकर सुदैवी आहेत. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केल्यामुळे शाळांची जुनी जनरल रजिस्टरे बऱ्याच ठिकाणी टिकून आहेत, आणि त्यांत जन्मस्थळ, वडिलांचे नाव व कधी कधी मूळ गावही लिहिलेले असते. आमच्या आजोबांच्या नावापुढे 'जन्मस्थळ: फोंडे, गोवा' अशी नोंद निघाली आणि ती आम्हाला फार उपयोगी पडली. तिच्यातच एक विघ्नही होते. जन्मतारीख होती १ जून. त्या काळी मास्तर शाळेत घालताना मुलाची तारीख सरसकट १ जून लावत, आणि फोंड्याच्या पुस्तकात आजोबांचा जन्म ऑक्टोबरातला होता. आधार, पासपोर्ट, पेन्शन सगळीकडे शाळेची तारीख गेलेली. आजोबांच्या बाबतीत गोव्याची मूळ नोंदच प्रमाण धरली जाते, त्यामुळे आम्ही पासपोर्टावरील तारीख तिच्याप्रमाणे बदलून घेतली. त्या एका दुरुस्तीला पाच महिने लागले.

लग्नाचा दाखला हा तिसरा कागद. १९५५ साली दांडिया बाजारातल्या एका वाड्यात लागलेल्या लग्नाची सरकारी नोंद कोण करणार? लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे जोडून ती नोंद आता करावी लागली. साक्षीदार म्हणून चालतील अशी, त्या मांडवात प्रत्यक्ष हजर असलेली माणसे दरवर्षी कमी होत जातात, म्हणून हे काम तेओरच्याही आधी हाती घेतले तरी चालेल.

नावे जुळवणे

खरे युद्ध नावांचे आहे. जुन्या पोर्तुगीज लेखनात 'के' हे अक्षर जवळपास नसे, म्हणून 'क' साठी 'सी' किंवा 'क्यू' येतो. 'श' साठी 'एक्स' येतो, म्हणजे आपला शंकर तिथे 'एक्स' ने सुरू होतो. दोन स्वरांमध्ये एकच 'एस' लिहिला तर तो 'झ' असा वाचला जातो, म्हणून वासुदेवात 'एस' दोनदा येतो. आडनावांची तऱ्हा आणखी वेगळी आहे: शेणवीचे 'सिनाइ', कामतचे 'कामोतीं', प्रभूचे 'पोरोबो', भटाचे 'बोटो'. गावावरून पडलेल्या आडनावातला 'कर' नोंदीत अनेकदा नसतोच, नुसते गावाचे नाव असते.

इकडे बडोद्यात त्याच माणसावर दुसरेच संस्कार झालेले असतात. वासुदेवचे 'वासुदेवराव' होते, गुजराती कचेरीत 'वासुदेवभाई' होते, बायकांच्या नावाला 'बेन' लागते. गुजरातच्या पद्धतीने आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव येते, आणि लिस्बनचा अधिकारी शेवटचा शब्द आडनाव समजतो. अशा कागदावर वडिलांचे नाव आडनाव होते आणि भावंडांपासून काकांपर्यंत सगळ्या घराचा घोळ होतो. त्यात आपल्याकडे लग्नात मुलीचे पहिले नावही बदलतात. माझी आत्या जन्मदाखल्यावर एका नावाची आणि लग्नानंतरच्या प्रत्येक कागदावर दुसऱ्याच नावाची आहे. पहिले नावसुद्धा का बदलले, हे पोर्तुगीज अधिकाऱ्याला समजावताना आम्हाला आमच्याच रूढीवर एक पानभर टिपण लिहावे लागले.

यासाठी एक तक्ता करावा. डावीकडे व्यक्ती, वर कागद, आणि प्रत्येक चौकटीत त्या कागदावरचे नाव अक्षरशः जसे आहे तसे, तारखेसह. हा तक्ता तयार झाल्याशिवाय कोणताही अर्ज करू नये. फरक दिसले की त्यांचे तीन गट पडतात. उच्चार एकच पण लेखन वेगळे असेल, तर 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असे प्रतिज्ञापत्र बहुधा पुरते. 'राव', 'भाई' किंवा शब्दांचा क्रम यांचा फरक असेल, तर मूळ कागद महापालिकेत दुरुस्त करून घेणे चांगले, आणि जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ मध्ये त्याची सोय आहे. नावच वेगळे असेल, तर लग्नाचा दाखला आणि राजपत्रातील नावबदलाची जाहिरात, दोन्ही जोडावीत.

पहिल्या खेपेस आम्ही एका एजंटावर विसंबलो. त्याने दुरुस्तीची कटकट नको म्हणून सगळ्या फरकांवर एकच प्रतिज्ञापत्र करून फाइल पाठवली. आठ महिन्यांनी ती आक्षेपासह परत आली, आणि तोवर एक अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून होणारे सरकारी प्रमाणन) झालेला दाखला नव्याने काढावा लागला. एजंट घ्यायला हरकत नाही, पण तक्ता स्वतःच करावा. घरातली नावे घरच्यांइतकी कोणालाच ठाऊक नसतात.

अपोस्टिल, भाषांतर आणि सादर करणे

भारत २००५ पासून हेग अपोस्टिल कराराचा सदस्य आहे, त्यामुळे दाखल्यांवर दूतावासाच्या शिक्क्यांची जुनी माळ लागत नाही. दाखला ज्या राज्याचा, त्या राज्य सरकारचे प्रमाणीकरण आधी आणि परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल नंतर, हा क्रम आहे. म्हणजे गोव्याचा तेओर गोव्यातून आणि बडोद्याचे दाखले गुजरातमधून प्रमाणित होतात. अपोस्टिल नेहमी दुरुस्ती झालेल्या, ताज्या प्रतीवरच करावे. गुजराती मजकुराचे पोर्तुगीज भाषांतर प्रमाणित हवे, आणि भाषांतरकाराला नावांचा तक्ता आधीच द्यावा, नाहीतर तो स्वतःच्या मनाने चौथे लेखन जन्माला घालतो.

अर्ज पोर्तुगालच्या दूतावासामार्फत किंवा पोर्तुगालमधील वकिलाला मुखत्यारपत्र देऊन थेट लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात करता येतो. पणजीला महावाणिज्य दूतावास आणि दिल्लीला दूतावास आहे. आपला पत्ता कोणाच्या कक्षेत येतो हे ईमेलने आधी विचारून घ्यावे, आणि उत्तर छापून फाइलला लावावे. पाठवण्याची घाई नको. आजोबांच्या नोंदीचा क्रमांक हाती आल्यावर त्यांचे लग्न, आणि ते नोंदले गेल्यावर वडिलांचा अर्ज, अशी एकेक पायरी चढावी. चौघांची प्रकरणे एकदम पाठवली, तर वरच्या एका आक्षेपाने खालची तिन्ही अडकतात. प्रत्येक पायरीला वर्षभर किंवा अधिक काळ धरून चालावे. मधे आक्षेपाचे पत्र आले, तर त्यात उत्तराची मुदत असते. ती पाळण्यासाठी पत्त्यावरचा ईमेल रोज पाहणारा एक माणूस घरात नेमावा.

नोंद झाल्यानंतर

नोंद झाली की पोर्तुगीज जन्मनोंदीचा उतारा मिळतो, त्यावरून ओळखपत्र आणि मग पासपोर्ट. पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्ट वापरणे थांबवून तो पासपोर्ट कार्यालयात जमा करावा आणि त्याचे प्रमाणपत्र घ्यावे. जुना पासपोर्ट वापरून प्रवास करणे हा गुन्हा आहे आणि त्याचा दंडही मोठा आहे. त्या दिवसापासून बडोद्यात राहणारा माणूस परदेशी नागरिक ठरतो, म्हणून देश सोडण्यापूर्वी ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावरून परवानगी घ्यावी लागते. आत्येभावाने तिकीट आधी काढले आणि परवानगी नंतर मागितली, त्यात तिकीट वाया गेले.

परत येण्या-जाण्यासाठी ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे, कार्ड घ्यावे. भारताचा भाग १५ ऑगस्ट १९४७ नंतर झालेल्या प्रदेशाशी ज्याचे नाते आहे, त्याचा उल्लेख भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ मध्ये वेगळा आहे, आणि गोवा त्यातच येतो. शिवाय पूर्वी भारतीय नागरिक असल्यानेही पात्रता मिळते. ओसीआयधारकाला मत देता येत नाही, घटनात्मक पद मिळत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, मात्र वारसाने आलेली ठेवता येते. पादरा गावाजवळच्या आमच्या तीन बिघ्यांच्या वाटणीत हा मुद्दा आत्येभावाने आधीच मिटवून घेतला आणि सात-बारावर नाव चढल्यानंतरच पासपोर्टाचा अर्ज केला.

रद्द झालेला भारतीय पासपोर्ट आणि जमा केल्याचे प्रमाणपत्र जपून ठेवावे, ओसीआयच्या अर्जात दोन्ही लागतात. तेओरच्या तीन प्रतींपैकी एक लिस्बनला गेली, एक आत्येभावाने नेली. तिसरी आजोबांच्या कपाटात आहे, कारण धाकट्या आतेबहिणीचा तक्ता अजून पुरा व्हायचा आहे: तिच्या जन्मदाखल्यावर आत्याच्या नावापुढे 'बेन' आहे आणि लग्नाच्या दाखल्यावर नाही.